विंडोज काढून लिनक्स घातलं, तर जुने कन्सोल गेम वेगानं चालतील का?

डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय५ लॅपटॉप, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० आहे, ११ चढत नाही. सध्या एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारे प्रोग्रॅम, वापरता: अनेक कन्सोलसाठी रेट्रोआर्च, निन्टेन्डो ६४ साठी प्रोजेक्ट६४ आणि प्लेस्टेशन २ साठी पीसीएसएक्स२. चवथीला घरात सगळी पोरं जमतात, तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडून चार पॅडवर खेळायचं असतं. लिनक्स घातलं तर गेम वेगानं चालतील की आहे तेही बिघडेल, आणि घालायचं तर कुठलं, असं विचारलंय.

वेगाचं आधी उरकून घेतो. रेट्रोआर्च, डॉल्फिन, पीपीएसएसपीपी, पीसीएसएक्स२ या सगळ्या एम्युलेटरांची विंडोजची आणि लिनक्सची आवृत्ती एकाच सोर्स कोडमधून तयार होते. १९८३ चा निन्टेन्डोचा फॅमिकॉम, १९९० चा सुपर निन्टेन्डो, १९९४ चं पहिलं प्लेस्टेशन, यांच्या प्रोसेसरची नक्कल करण्याचं काम दोन्हीकडे तेवढंच, आणि तुमचा लॅपटॉप ते डोळे मिटून करतो. तिथं फरक जाणवणार नाही. प्लेस्टेशन २ ची गोष्ट वेगळी. तिथं प्रोसेसरच्या एका कोअरचा दम लागतो, आणि लॅपटॉपमधला चौथ्या पिढीचा आय५ बहुतेक वेळा कमी वीज खाणारा, दोन कोअरचा असतो. हलके गेम चालतील, जड गेम अडखळतील, आणि ते विंडोजवर जेवढे अडखळतात साधारण तेवढेच लिनक्सवरही अडखळतील. माझ्याकडे फोंड्याला दुरुस्तीला येणाऱ्या अशा लॅपटॉपना बऱ्याचदा पंख्यातली धूळ काढून, वाळलेली थर्मल पेस्ट बदलून जेवढा फायदा होतो, तेवढा कुठलीही सिस्टीम बदलून होत नाही. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग वर विंडोज असो की लिनक्स.

मग लिनक्स घालायचं कशाला? तुमच्या बाबतीत दोन कारणं आहेत. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. आडवाटेनं ते चढवता येतं, पण दर मोठ्या अपडेटला धाकधूक. नुसता गेमसाठी ठेवलेला, इंटरनेटला न जोडलेला लॅपटॉप असेल तर विंडोज १० तसंच राहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही, हेही सांगतो. पण पोरं त्यावर ब्राउझर उघडणारच.

दुसरं कारण ग्राफिक्स ड्रायव्हर, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या लॅपटॉपात बहुधा एचडी ४४०० किंवा ४६०० ही इंटेलची ग्राफिक्स चिप असेल. विंडोजवर इंटेलनं या चिपसाठी नवे ड्रायव्हर काढणं केव्हाच थांबवलं. प्रोग्रॅम ग्राफिक्स चिपशी ज्या बोलीत बोलतात ती ओपनजीएल, आणि तिची नवी बहीण व्हल्कन. तिथं ओपनजीएल ४.३ वर अडकलंय, व्हल्कन तर आलंच नाही. लिनक्सवर ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीवर नसतो. मेसा नावाचा खुला प्रकल्प आहे, त्यातला क्रोकस हा ड्रायव्हर याच जुन्या चिपांसाठी आहे आणि तो ओपनजीएल ४.६ देतो. एम्युलेटर नवे होत जातात तसं त्यांना ओपनजीएलची नवी आवृत्ती लागते, आणि जुनं यंत्र तिथं लिनक्सवर जास्त वर्षं टिकतं. वेग दुप्पट होईल असं मात्र समजू नका.

एक सावधगिरी. लिनक्सवर या चिपला व्हल्कन दिसतं, पण ते अर्धवट आहे. ड्रायव्हर स्वतःच तसा इशारा छापतो. आंतरजालावरच्या बहुतेक सल्ल्यांत ‘व्हल्कन निवडा, वेगवान आहे’ असं असतं. ते नव्या कार्डांसाठी खरं आहे. तुम्ही रेट्रोआर्च आणि पीसीएसएक्स२, दोन्हीकडे ओपनजीएलच ठेवा. रेट्रोआर्चमध्ये प्रत्येक कन्सोलसाठी वेगळा भाग असतो, त्याला कोअर म्हणतात. निन्टेन्डो ६४ च्या कोअरमध्येसुद्धा चित्र काढण्यासाठी पॅरललच्या नादाला लागू नका, त्याला चांगलं व्हल्कन लागतं, ग्लायडेन६४ ठेवा. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असतं तर मी लिनक्सबद्दल इतक्या उत्साहानं बोललो नसतो, तिथं जुन्या बंद ड्रायव्हरचं दुखणं उलट लिनक्सकडेच जास्त आहे.

आता ‘आहे तेही बिघडेल का’ याकडे. बिघडतं ते एम्युलेटरमुळे क्वचितच. भोवतीच्या बारीकसारीक गोष्टींत घोळ होतो, आणि माणूस म्हणतो लिनक्सवर गेमच चालत नाहीत. लोक हार्ड डिस्क घेऊन येतात, त्यातले नेहमीचे घोळ सांगतो.

पहिला घोळ फाइलच्या नावांचा. विंडोजला इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक दिसत नाही, लिनक्सला दिसतो. पहिल्या प्लेस्टेशनचे गेम बहुधा क्यू आणि बिन अशा जोडीनं असतात. क्यू ही साधी मजकुराची फाइल. कुठली बिन फाइल वाचायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. आत नाव कॅपिटलमध्ये आणि डिस्कवर फाइल स्मॉलमध्ये असेल, तर विंडोजवर वर्षानुवर्षं चाललेला गेम लिनक्सवर काळा पडदा दाखवतो. गेम खराब झालेला नसतो. क्यू फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून नाव जुळवलं की चालतो. पण शंभर गेम असतील तर हे कोण करत बसणार? म्हणून विंडोज असतानाच सगळ्या जोड्या सीएचडी फाइलमध्ये बदलून घ्या. सीएचडीमॅन नावाचं छोटं साधन त्यासाठी आहे. एका गेमची एकच फाइल होते, आकार बऱ्यापैकी घटतो, आतली माहिती जशीच्या तशी राहते, आणि नावांचं भांडण मिटतं. प्लेस्टेशन २ च्या डीव्हीडींनाही हे चालतं. तिथं एकेक गेम ४ जीबीच्याही पुढे जाऊ शकतो, त्यामुळे जागेची बचत डोळ्यात भरते.

बायोस, म्हणजे मूळ कन्सोल सुरू करणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम, त्याच्या फाइलचंही तेच. रेट्रोआर्चमधला बीटल पीएसएक्स कोअर बायोसची फाइल स्मॉल अक्षरांतल्या ठरलेल्या नावानंच शोधतो. कोअरच्या माहितीच्या पानावर कुठली फाइल सापडली आणि कुठली नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं, आधी तिथं बघा.

दुसरा घोळ डिस्कचा. गेम विंडोजच्या एनटीएफएस विभाजनावर ठेवून लिनक्समधून वापरता येतात. पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्स ती डिस्क फक्त वाचायला देतं, लिहायला नाही. गेम सुरू होतो, सेव्ह होत नाही. पोरानं तासभर खेळून सेव्ह केलेलं दुसऱ्या दिवशी गायब. फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मग हात लावा.

तिसरा फ्लॅटपॅकचा, म्हणजे लिनक्सवर अ‍ॅप स्वतंत्र डब्यात बंद करून घालायच्या पद्धतीचा. मिंट या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातलं रेट्रोआर्च जुनं असतं आणि त्यात कोअर उतरवायची सोय बंद केलेली असते. म्हणून मी फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारातलंच घालायला सांगतो. त्याचा आणखी एक फायदा आहे, फ्लॅटपॅक आपला मेसा ड्रायव्हर आपल्यासोबत आणतं, त्यामुळे खालची सिस्टीम जुनी असली तरी एम्युलेटरला ताजा ड्रायव्हर मिळतो. पण फ्लॅटपॅकला घराचं दार बंद असतं. बाहेरच्या हार्ड डिस्कवरचे गेम एम्युलेटरला दिसतच नाहीत असं होऊ शकतं. फ्लॅटसील नावाचं छोटं अ‍ॅप घ्या, त्यात त्या एम्युलेटरला त्या डिस्कची परवानगी द्या. सेव्ह फाइल शोधायच्या असतील तर होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, डॉटनं सुरू होणारी लपलेली फोल्डर दिसतात. फ्लॅटपॅकचं सगळं ‘व्हार’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं.

सेव्हचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण गेम पुन्हा मिळतो, पोराची प्रगती मिळत नाही. सेव्ह दोन तऱ्हेचे असतात. गेमच्या आत जाऊन केलेला सेव्ह म्हणजे मूळ कॅसेटच्या बॅटरीतली किंवा मेमरी कार्डातली नोंद. हा विंडोजवरून लिनक्सवर फाइल उचलून ठेवली की चालतो. पीसीएसएक्स२ ची मेमरी कार्ड फाइल तशीच नेता येते. दुसरा सेव्ह स्टेट, म्हणजे एका बटणात अख्ख्या यंत्राची त्या क्षणाची नक्कल. तो एम्युलेटरच्या आवृत्तीला बांधलेला असतो. आवृत्ती बदलली की उघडेल याची खात्री नाही. हलवण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या गेममध्ये शिरून आतला सेव्ह करून घ्या. प्रोजेक्ट६४ च्या बाबतीत जास्त जपा. ते लिनक्ससाठी नाही, तिकडे तुम्हाला रेट्रोआर्चमधला म्युपेन६४प्लस-नेक्स्ट वापरावा लागेल, आणि तो सगळ्या तऱ्हेचे सेव्ह एकाच फाइलमध्ये एकत्र ठेवतो. प्रोजेक्ट६४ च्या फाइली तिथं सरळ बसत नाहीत, रूपांतर करावं लागतं. एका गेमवर करून बघा, जमलं तर बाकीचे.

आणि आपल्याकडचा पाऊस. जून लागला की वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. रेट्रोआर्च गेमच्या आतला सेव्ह लगेच डिस्कवर लिहीत नाही. ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह’ बंद असेल तर गेम नीट बंद केल्यावरच लिहितं. म्हणजे पोरानं सेव्ह केलं, पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असं आलं, खेळत राहिला, वीज गेली, आणि सेव्ह गेला. सेटिंगमध्ये सेव्हिंगच्या पानावर त्याचा कालावधी १० सेकंद करून ठेवा. हे विंडोजवरही तितकंच लागू आहे, आज रात्रीच करा.

पॅडबद्दल तुम्ही घाबरलेले दिसता, तसं कारण नाही. एक्सबॉक्सच्या पद्धतीचे पॅड, प्लेस्टेशन ४ आणि ५ चे, निन्टेन्डो स्विचचे, यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहेत. वायर लावा आणि खेळा. म्हापशाच्या बाजारात मिळतात तसे स्वस्त बिननावाचे पॅडसुद्धा चालतात, फक्त बटणं उलटसुलट आली तर एकदा बसून जुळवावी लागतात. पुष्कळ स्वस्त पॅडना दोन पद्धती असतात, एक्स-इनपुट आणि डी-इनपुट. मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की बदलतात. लिनक्सवर एक्स-इनपुट ठेवा, निम्मे प्रश्न सुटतात. प्लेस्टेशन ३ च्या नकली पॅडना ब्लूटूथवर जोडायच्या भानगडीत पडू नका, वायरच बरी. चार पॅड एका हबवर लावणार असाल तर दर वेळी त्याच क्रमानं त्याच भोकांत लावा, नाहीतर ‘एक नंबर माझा’ यावरून घरात गणपतीपुढेच भांडणं.

टीव्हीचं लवकर संपवतो. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर आवाजाच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय निवडा. टीव्हीचा गेम मोड चालू करा; बटण दाबल्यावर होणारा उशीर त्यानं जितका कमी होतो तितका सॉफ्टवेअरनं होत नाही. मिंट घातलंत तर पूर्ण पडद्याच्या खिडक्यांसाठी कंपोझिटिंग (खिडक्या एकत्र रंगवायचं काम) बंद करायचा पर्याय तिथं आहे, तो लावा. रेट्रोआर्चचं रन-अहेड, म्हणजे उशीर कमी करायला गेम थोडा पुढे चालवून बघायची सोय, ८ आणि १६ बिटच्या गेमना एक फ्रेमवर लावून बघा, उडी मारल्याचं हाताला लगेच जाणवतं. प्लेस्टेशनला या लॅपटॉपवर लावू नका, प्रोसेसरला दुप्पट काम पडतं. जुन्या टीव्हीसारख्या रेघा हव्या असतील तर झेडफास्ट-सीआरटीसारखा हलका शेडर (चित्रावर चढवायचा परिणाम) घ्या. सीआरटी-रॉयल देखणा आहे, पण तुमच्या चिपला झेपणार नाही.

इथं एक आडवळण घेतो, कारण तुमच्या वयाची माणसं हमखास विचारतात की कॉन्ट्रा आणि मारिओ एम्युलेटरवर लहानपणीपेक्षा वेगानं का पळतात. भास नाही तो. नव्वदीत आपल्याकडे जी कॅसेटवाली ‘टीव्ही गेम’ यंत्रं मिळायची ती फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारा. अमेरिकन आणि जपानी यंत्र ६० चं. पाल टीव्हीसाठीच्या नकला ५० नं चालत, म्हणजे गेमही आणि गाणीही थोडी संथ. रेट्रोआर्चच्या एफसीईयूएमएम या फॅमिकॉमच्या कोअरमध्ये प्रदेश निवडायचा पर्याय आहे, त्यात ‘डेंडी’ म्हणून एक आहे. तो अशाच ५० च्या नकलांसाठी आहे. तो लावा, आणि टीव्ही घेत असेल तर पडदाही ५० हर्ट्झवर ठेवा म्हणजे झटके बसणार नाहीत. पोरांना फरक कळणार नाही, तुम्हाला पहिल्या सुरालाच कळेल.

कुठलं लिनक्स, याला माझं उत्तर: आधी कुठलंच घालू नका. ३२ जीबीचा बरा, यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह घ्या आणि त्यावर बाटोसेरा लिहा. ही खास एम्युलेटरसाठी बनवलेली लिनक्स सिस्टीम आहे. सुरू केली की थेट गेमचा मेनू, पॅडनंच सगळं चालतं. लॅपटॉपमधल्या विंडोजला ती हात लावत नाही, गेम आणि सेव्हसुद्धा पेनड्राइव्हवरच राहतात. लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधलं सिक्युअर बूट बंद करावं लागेल. तिच्या मेनूत ‘नव्या डिस्कवर इन्स्टॉल करा’ असा पर्याय आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका, तो अख्खी डिस्क पुसतो. तुमचे पॅड, टीव्ही, आवाज आणि नेहमीचे पाच-सहा गेम यावर एका संध्याकाळी तपासून होतील. बऱ्याच घरांना एवढंच पुरतं. पेनड्राइव्ह लावला की गेमचं यंत्र, काढला की लॅपटॉप.

ते पटलं आणि लॅपटॉप रोजच्या कामालाही वापरायचा असेल, तर मिंट. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर २४० जीबीची साधी साटा एसएसडी घ्या, मिंट तिच्यावर घाला, आणि जुनी डिस्क विंडोजसकट कपाटात ठेवा. एकाच डिस्कवर दोन सिस्टीम ठेवायला माझा विरोध आहे. गिऱ्हाईक परत येतात ती बहुतेक त्या कारणानं. बॅझाइटसारख्या खास गेमिंगच्या सिस्टीमची नावं तुमच्या वाचनात येतील, त्या चांगल्या आहेत पण त्यांचं लक्ष नव्या ग्राफिक्स कार्डांकडे आहे.

विंडोजवर जर तुमचं सगळं लाँचबॉक्स या गेमच्या मेनूच्या प्रोग्रॅममध्ये सजवलेलं असेल, चित्रं, व्हिडिओ, याद्या, तर ते लिनक्सवर नाही. ईएस-डीई हा तिकडचा पर्याय. देखणा आहे, पण चित्रं पुन्हा उतरवावी लागतील. हे काम कंटाळवाणं आहे आणि माझ्या मते लिनक्सवर न जाण्याचं ते पुरेसं कारण ठरू शकतं.

गेम भरून द्याल का, असंही काही जण विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. एम्युलेटर वापरण्यात गैर नाही. गेम आणि बायोस यांचा प्रश्न वेगळा, ते मालकी हक्काचे आहेत. मी एम्युलेटर लावून देतो, गेम देत नाही. तुमच्याकडे मूळ सीडी-डीव्हीडी असतील तर त्यांची प्रत काढायला लिनक्सवर साधनं आहेत, आणि ते लवकर करा, आपल्या दमट हवेत सीडीवर बुरशी धरते. २०२४ मध्ये निन्टेन्डोनं स्विचच्या युझू एम्युलेटरवर दावा लावला आणि तो २४ लाख डॉलरच्या तडजोडीनं बंद पडला. तो चालू यंत्राचा मामला होता. तुमच्या यादीतले एम्युलेटर जुन्या यंत्रांचे आहेत आणि उघडपणे विकसित होताहेत.

प्लेस्टेशन २ चे नेमके कोणते गेम खेळता ते तुम्ही लिहिलेलं नाही. नावं कळवा, आणि लॅपटॉपवरच्या प्रोसेसरचा पूर्ण नंबरही, शेवटच्या अक्षरासकट. यू (कमी वीज खाणारा) असेल तर वेगळं बोलू, एम असेल तर वेगळं. तोवर एसएसडीवर पैसे घालू नका, पेनड्राइव्हवर बघा.